उधाणाची खूण

वनिता गोड बोलायला लागली, तेव्हाच हर्षलाला कळलं की आपल्याला माणसांतून उठवलं आहे.

दोघी सख्ख्या जावा. पावशांच्या घरातली थोरली वनिता, धाकटी हर्षला. त्यांचं भांडण खडपबंदरावर इतकं मुरलेलं होतं, की एखाद्या दिवशी ते झालं नाही तर लोकांना चुकल्यासारखं व्हायचं. होड्या वाळूला लागल्या, पाट्या उतरल्या, की कुणाची पाटी कुणाच्या जागेवर ठेवली यावरून दोघींची जुंपायचीच. वनिता म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही. हर्षला म्हणायची, नाहीच; असतं तर वैनीने तेही चाटूनपुसून खाल्लं असतं. ऐकणारे हसायचे, आणि त्या दोघी घरी जाऊन एकाच टोपातलं कालवण वाढून घ्यायच्या, एकमेकींकडे पाठ करून.

आता तीच वनिता हर्षलाच्या हातातली कळशी काढून घेत होती. "ऱ्हाऊ दे गो बाय. दमशील. तू बस सावलीत."

या बाईने झिंज्या धरून दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं हर्षलाला वाटलं. लहान पोराशी, मरायला टेकलेल्या माणसाशी आणि वेड्याशी लोक असं बोलतात. ती पोर नव्हती आणि मरायलाही टेकली नव्हती.

हर्षला लिलाव पुकारायची. खडपबंदराला धक्का नाही. मोठ्या बोटी खोल पाण्यात नांगर टाकतात, मासळी छोट्या होड्यांतून वाळूवर येते, तिचे ढीग लागतात आणि पुकारणारी बाई ढिगाशेजारी उभी राहून भाव चढवत नेते. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. एक व्यापारी डोळा मिचकावून भाव देतो, दुसरा नाक खाजवून, तिसरा नुसताच इतरांना चढवायला ओरडतो. कुणाचा भाव खरा आणि कुणाचा पोकळ हे ध्यानात ठेवायचं, एकाला टोमणा मारायचा, दुसऱ्याला चिडवायचं, आणि हे सगळं एका दमात, बर्फ वितळायच्या आत. समुद्रावर राबून आलेल्या खलाशांची मेहनत त्या बाईच्या जिभेवर तोललेली असते. दोघींच्या सासूने हा पुकारा थोरलीला डावलून धाकटीच्या गळ्यात घातला होता. बाकीची भांडणं म्हणजे या एका भांडणाची पिल्लं.

तीन वर्षांपूर्वी माघात हर्षलाला उधाण आलं.

पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही. आवाज चढला होता, झोप कमी झाली होती; पण हंगामात पुकारणारीचं तसंच असतं. मग एका संध्याकाळी लखू तांडेलांच्या बोटीची पापलेटं लिलावाला लागली, आणि हर्षलाने ती किनाऱ्यावर फिरायला आलेल्या लोकांच्या ओटीत घातली. सगळी. "घ्या गो, समुद्र काय माझ्या बापाने खणलाय?" म्हणत, हसत. दुसऱ्या दिवशी ती नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात चालत निघाली. बोटींना हात धरून घरी आणायचं होतं तिला. गळ्याएवढ्या पाण्यातून वनिताने तिला केसांना धरून ओढत बाहेर काढलं. उधाण ओसरलं तशी ओहोटी आली, आणि ती कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

तालुक्याच्या इस्पितळातल्या डॉ. इरफाना मुकादम यांनी आजाराचं नाव सांगितलं, द्विध्रुवी विकार. मन एका टोकाला उन्मादात जातं, दुसऱ्या टोकाला नैराश्यात. लिथियम सुरू झालं. ते लागू पडायला वेळ लागला, पण पडलं. त्यानंतर उधाण आलं नाही की ओहोटी आली नाही. तरीही हर्षला आपली वाटेना. हात बारीक थरथरायचे, समोरच्याचं नाव जिभेवर येऊन परत जायचं, कालवणात मीठ दोनदा पडायचं. नवरा नितेश म्हणाला, डॉक्टर, बरी झाली ना ही? मग अशी का?

डॉक्टरीणबाईंनी घाई न करता समजावलं होतं. ताप उतरला की माणूस बरा झाला असं आपण म्हणतो. पण तापात गळालेलं अंग त्या दिवशी भरून येत नाही. लक्षणं जाणं ही एक गोष्ट आणि आयुष्य हातात परत येणं ही दुसरी. पहिलीला औषध पुरतं. दुसरीला औषध लागतंच, पण त्याच्याबरोबर काम लागतं, माणसं लागतात आणि चुकायला जागा लागते.

ती जागा खडपबंदरावर कोण देणार? तिच्या आजारपणात पुकारा वनिताकडे गेला होता, आणि मिळालेलं सोडायची पावशांच्या घरात पद्धत नव्हती.

म्हणून तर यंत्र आलं; पुन्हा उधाण येणार नाही याची खात्री बंदराला हवी होती.

त्याचं खरं नाव लांबलचक होतं. बंदरावर त्याला सगळे 'राखणदार' म्हणत, गावच्या वेशीवर रक्षण करणारा देव असतो तसा. दंडात कातडीखाली बसवलेली एक कुपी आणि गळ्यात एक लॉकेट, एवढंच ते. कुपी अंगातलं लिथियम मोजत राही. लॉकेट बोलणं ऐके. शब्द नव्हे, शब्दांची चाल. माणूस किती भरभर बोलतो, आवाज किती उंच जातो, दोन वाक्यांमध्ये श्वास घेतो की नाही. किती झोपला, किती चालला, तेही त्याला समजे. समजा, एखाद्याने किनाऱ्यावरच्या खडकावर रोज पाण्याची खूण केली. काही दिवसांनी त्याला सांगता येईल, की पाणी साधारण इथवर येतं. याच्या वर गेलं तर समजा उधाण येणार. राखणदार माणसाच्या मनाची अशी मधली रेघ आखत असे. ती आखायला त्याला दोन महिने लागत, आणि त्या काळात माणूस बरा असावा लागे. पुढे मन रेघेच्या फार वर निघालं, की उधाण यायच्या कितीतरी आधी ते ओळखून कुपी दुसऱ्या एका औषधाचा थेंब सोडी. चढणारं मन त्याने खाली बसे. मोठा थेंब सोडण्याआधी मात्र घरातल्या एका माणसाच्या फोनवर प्रश्न जाई: 'ही नेहमीसारखी आहे का?' होय म्हटलं तर कुपी थांबे. नाही म्हटलं किंवा उत्तरच आलं नाही, तर थेंब सुटे.

नितेश बोटीवर गेला की आठ-आठ दिवस समुद्रात. तेव्हा फोन कुणाचा द्यायचा? घरात असते ती वनिता. तिचाच दिला.

यंत्र जूनच्या सुरुवातीला बसलं. रेघ जून-जुलैत आखली गेली. नारळी पौर्णिमेला नारळ पडला, बोटी पाण्यात गेल्या, आणि हर्षला लखू तांडेलांपुढे जाऊन उभी राहिली. मच्छीमार सोसायटीचे म्हातारे चेअरमन. ज्यांची पापलेटं तिने वाटली होती, तेच.

त्यांनी तिला बसही म्हटलं नाही. जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघतो. राखणदार गप ऱ्हायला तर पुकारा तुझा. बोंबलला तर वनिताचा, आणि मग परत माझ्या दारात यायचं नाय."

पहिल्या दिवशी ती ढिगापाशी उभी राहिली तेव्हा वाळूवर इतकी शांतता होती, की पाट्यांतलं पाणी ठिबकताना ऐकू यावं. मग तिने तोंड उघडलं. पहिले दोन भाव अडखळत निघाले, तिसऱ्याला गाडी रुळावर आली. शहरातून मासळी न्यायला येणारा जाडजूड शब्बीरभाय बांगड्यांना नाक मुरडत होता. हर्षला त्याला म्हणाली, नाक मुरडू नको, तुझ्या गाडीचा वास येऊन बांगडे बेशुद्ध पडलेत. लोक हसले. भाव चढला. कित्येक दिवसांनी तिच्या डोक्यातला एकेक खण उघडत गेला. हा खरा, तो पोकळ, त्याला अजून एकदा डिवचलं तर वर जाईल...

गळ्यातलं लॉकेट थरथरलं.

तिने दुर्लक्ष केलं. थोड्या वेळाने दंडाशी थंड काहीतरी पसरलं, आणि तोंडात कुणीतरी ओला कापूस भरल्यासारखी जीभ जड झाली. समोरचे चेहरे तेच होते. पण कुणी काय भाव दिला ते पुसून गेलं. सुरमईचा ढीग तिने चढ्या भावाऐवजी उतरत्याला तोडला. शब्बीरभायने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग मुकाट्याने पाटी उचलायला लावली. त्याचं ते मुकाट उचलणं तिला जास्त लागलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "पुन्हा वाटायला लागली बघ."

वनिता पुढे आली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाली, "चल गो बाय. सावलीत बस." मग स्वतः ढिगापाशी उभी राहून उरलेला लिलाव तिने पुकारला. चांगला पुकारला.

असं एकदा झालं नाही. हर्षला पुकारायला उभी राहिली, की लॉकेट थरथरे, दंड गार पडे, जीभ जड होई. घरी नुसतं बसलं की यंत्र गप्प. तिचं डोकं जसजसं चालायला लागे, तसतसं ते तिला खाली दाबी. बंदरावरच्या बायका पूर्वी तिच्याशी भाव करायच्या, आता 'बरी आहेस ना?' विचारायच्या. पोरं ती दिसली की दोन पावलं बाजूला सरायची.

एका दुपारी वनिता बोंबील साफ करत होती आणि तिचा फोन शेजारी पाटावर पडला होता. त्यावर जुने प्रश्न एकाखाली एक दिसत होते. नेहमीसारखी आहे का? नाही. नेहमीसारखी आहे का? नाही. सगळीकडे नाही.

हर्षलाने फोन तिच्यापुढे धरला. "हे तू दाबलंस."

वनिताने वर पाहिलं. नजर न चुकवता म्हणाली, "तुझ्या भल्यासाठी गो बाय."

"बाय म्हणू नको मला. पुकारा हवाय तुला. सरळ सांग."

ती चिडेल, विळी आपटेल, सात पिढ्या काढेल, अशी हर्षलाला आशा होती. पण वनिताने तोच मऊ आवाज काढला. शांत हो म्हणाली, पाणी देऊ का म्हणाली. हर्षलाने पाटावरचे बोंबील अंगणात भिरकावले. तेव्हा कुठे वनिताच्या आवाजातली साय फाटली.

"तुला पाण्यातनं काढली ना, तेव्हा मूठभर केस माझ्या मुठीत आले. घरी येईपर्यंत मूठ उघडली नाय मी. पुकारा हवाय मला, होय, हवाय. पण ते केस परत हातात नको आहेत. काय समजायचं ते समज."

आणि तिने बोंबील वेचायला घेतले. फोन त्याच हातांनी, न पुसता, कमरेला खोचला.

नितेश त्या आठवड्यात परतला. त्याची बाजू यंत्राची होती. म्हणाला, पुकारा गेला तर जाऊ दे, तू तर आहेस ना. हर्षला म्हणाली, मी म्हणजे काय, कोपऱ्यात ठेवलेला रांजण? त्याने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. त्या सरकवण्यातही तीच मऊ सांभाळणूक होती. तिने मासे कापायचा कोयता घेतला आणि दंडावर, कुपीचा उंचवटा लागतो तिथे, टेकवला. नितेशचा चेहरा पांढरा पडला. तिचा हात थरथरला नाही. खूप दिवसांनी थरथरला नाही. कोयता टेकवलेला असतानाच तिला एक गोष्ट लख्ख दिसली. आता हे कापलं, तर सगळ्या बंदराचं खरं होईल.

तिने कोयता खाली ठेवला. "उद्या तालुक्याला जायचंय," म्हणाली. "तू चल. मी कुणाला फाडून खाल्लं तर साक्षीला हवास."

डॉक्टरीणबाईंना तिने खुर्चीत बसायच्या आधीच सुनावलं. तुमचं यंत्र माझी जीभ बांधतं. बरं करायला बसवलंत की गप्प करायला? डॉ. मुकादम रागावल्या नाहीत आणि गोडही बोलल्या नाहीत. त्यांनी पडद्यावर तिची रेघ काढली. जून-जुलैत रेघ शांत, सपाट. जणू ओहोटीचं पाणी. नारळी पौर्णिमेनंतर उभा डोंगर. डोंगर सुरू होतो तिथे त्यांनी बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, जून-जुलैत तुम्ही काय करत होता?

"काय करणार? पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते. बोटी वर ओढलेल्या. जाळी शिवायची, झोपायचं."

"मग त्याच दिवसांत हे बसवायला का आलात?"

हर्षला आणि नितेश एकमेकांकडे बघायला लागले. हा काय प्रश्न झाला? खडपबंदरावर दाढ काढायची असो, मोतीबिंदू काढायचा असो, पोरीचं लग्न ठरवायचं असो, सगळं बंदीतच. हंगामात मरायलाही कुणाला सवड नसते. नितेश म्हणाला, आमच्याकडे सगळे तेव्हाच येतात.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या म्हणाल्या, चूक तुमची नाही म्हणणार नाही, पण माझीही आहे. तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. या यंत्राने वाळूवर ओढून ठेवलेली बोट बघितली आणि ठरवलं, की बोट अशीच असते. आता ती पाण्यात गेली की त्याला वाटतं, वाहून चालली.

"मग पुसा ती रेघ. नवी काढा."

इतकं सोपं ते नव्हतं. लिथियम चालू राहणारच होतं, त्याला हात लावायचा प्रश्न नव्हता. पण हंगामात नवी रेघ आखायची, तर तोवर कुपीने थेंब सोडायचा नाही, नुसतं बघायचं. त्या काळात खरंच उधाण निघालं तर? लिलाव पुकारणाऱ्या बाईचा आवाज आणि उधाणातल्या बाईचा आवाज यंत्राच्या कानाला एकच. दोन्ही उंच, दोन्ही भरभर. फरक सांगणारी दुसरी कुठली तरी खूण हवी होती. यंत्र बसवताना तसा एक प्रश्नही विचारलेला होता: उधाण येताना सर्वांत आधी काय बदलतं? पावशांनी उत्तर दिलं होतं, जोरात बोलते, झोपत नाही. सगळेच तेवढं सांगतात.

"मला बंदरावर यावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यंत्र नुसतं बघेल, प्रश्न विचारेल. औषध द्यायचं की नाही ते मी ठरवीन, आणि ते मी तुमच्या जावेच्या उत्तरावरून ठरवीन."

"तिच्या? ती नाहीच म्हणणार."

"मग मला विचारावं लागेल, की का नाही."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बंदर फुललेलं होतं. लखू तांडेल उलट्या होडीवर बसले होते. त्यांनी सर्वांदेखत सांगून टाकलं, राखणदार आजवर बोंबलला तो चुकीच्या रेघेपायी, आज काय तो निकाल. डॉक्टरीणबाई चपला हातात घेऊन ओल्या वाळूत उभ्या होत्या. वनिता आपल्या पाटीवर बसलेली, मांडीवर फोन.

हर्षलाने सुरुवात केली. दंड गार पडणार नव्हता, पण तिला तो पडल्याचा भास होत राहिला, आणि पहिल्या ढिगाला तिची जीभ खरोखरच अडली. कुणीतरी हसलं. ते हसणं तिला टोचलं, आणि टोचलं तेच बरं झालं.

"हसतोस काय रे? तुझ्या भावाला मासळी सोड, खवलंसुद्धा यायची नाहीत."

मग ती थांबली नाही. पापलेट गेलं, सुरमई गेली. आवाज चढत गेला, शब्दाला शब्द भिडायला लागला. लॉकेट थरथरलं. त्याच क्षणी वनिताच्या मांडीवरचा फोनही थरथरला, आणि सगळ्या वाळूने तिकडे मान वळवली.

वनिताने प्रश्न वाचला. उत्तर दिलं नाही. ती उठली, पदर खोचला आणि कोळंबीच्या ढिगापाशी आली. शब्बीरभायने नुकताच चांगला भाव दिला होता. वनिताने त्याच्या निम्म्याने मागितला.

हर्षलाने तिच्याकडे बघितलंही नाही. "भिकाऱ्यांची रांग देवळापाशी. पुढचा भाव बोला."

"घरची आहे मी," वनिता म्हणाली. आवाज तोच, मऊ. "जावेला एवढं सोडशील ना गो? एक पाटी. तुझं काय जातंय, समुद्राचंच तर आहे."

लखू तांडेल उठून उभे राहिले. असंच काहीतरी म्हणत हर्षलाने त्यांची पापलेटं वाटली होती.

हर्षला वळली. कमरेवर हात ठेवून तिने थोरल्या जावेला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "समुद्राचं आहे तर समुद्रात उतर आणि तोंडाने धर. नाखव्याची कोळंबी आहे ही, तुझ्या माहेरचा आहेर नव्हे. निम्म्या भावात मागतेस? निम्म्या भावात तुला यातल्या मिशा देते. घरची म्हणे. घरची आहेस म्हणून तर वजन दोनदा बघते."

"एवढी माजलीस?"

"तुझं बघून शिकले."

"तुझ्या जिभेला हाड—"

"नाही. होतं ते तू खाल्लंस."

वनिताचा चेहरा लाल झाला, आणि जे काय तिच्या घशात तीन वर्षं मधात घोळून पडलं होतं, ते एकदम सुटलं. तिने हर्षलाची सासरची, माहेरची, उभी, आडवी सगळी काढली. हर्षलाने एकही उधार ठेवली नाही. दोघी एकाच वेळी बोलत होत्या, दोघींना एकमेकींचं सगळं ऐकू येत होतं. खलाशी हातातली कामं टाकून जमले. शब्बीरभाय म्हणाला, बायांनो, कोळंबी मरून पडली, आता तरी तोडा. तर दोघींनी मिळून त्याला गप्प केलं.

भांडता भांडताच वनिताने फोनवर बोट आपटलं. होय.

मग तिने तो फोन डॉक्टरीणबाईंच्या हातात कोंबला. डॉ. मुकादम यांनी विचारलं, कशावरून?

"उधाणात ही कुणाशी भांडत नाय," वनिता धापा टाकत म्हणाली. "सगळे सोन्याचे होतात हिचे. मागेल त्याला देते, न मागेल त्याला बोलावून देते. त्या माघात माझ्या गळ्यात पडून मला वनिताताई म्हणाली होती. वनिताताई! तेव्हाच समजायला हवं होतं मला. आणि ही आता बघा. एक मिशी सोडली नाय. ही शुद्धीवर आहे. ही अशीच आहे, अवदसा."

"हे तुम्ही आधी का सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलं? फोनवर होय की नाय एवढंच येतं." वनिताने पदराने तोंड पुसलं. "आणि विचारलं असतं तरी सांगितलं असतं की नाय, कुणास ठाऊक. पुकारा माझ्याकडे होता."

लखू तांडेल पुढच्या ढिगापाशी गेले, त्यातला एक हलवा उचलून त्याचं गालफड उघडून पाहिलं आणि तो हर्षलापुढे टाकला. "पुकार. ऊन वाढतंय."

नवी रेघ दिवाळी उलटेपर्यंत आखली गेली. डॉक्टरीणबाईंनी यंत्राला नवी खूण शिकवली. आवाज उंच झाला, भरभर झाला, तर एकदम घाबरू नकोस. त्यात गोडवा मिसळतोय का ते बघ. लांबवलेले स्वर, समोरच्याला न अडवणारं बोलणं, मऊपणा. यंत्र शिकलं. लिलावात हर्षला कितीही ओरडली तरी ते आता ढिम्म हलत नसे. तिचे हात अजून थोडे थरथरतात. एखादं नाव अजून परत जातं, पण ते शोधायला तिला पूर्वीइतका वेळ लागत नाही. वनिता तिच्याशी एकही शब्द धड बोलत नाही.

मात्र शिकवलेलं यंत्र शिकवलं तेवढंच जाणतं.

मार्गशीर्षातली गोष्ट. लिलाव उलगला होता. मागच्या आळीतली म्हातारी चंद्राआजी काठी टेकत वाळूच्या कडेला येऊन उभी राहिली. तिचा मुलगा दोन वर्षांपूर्वी समुद्रातून परतला नव्हता. ती काही मागत नसे, नुसती उभी राहायची. हर्षलाने आजूबाजूला बघून दोन बांगडे तिच्या पिशवीत सरकवले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आजी, सांभाळून जा हां. वाट ओली आहे."

लॉकेट थरथरलं.

पलीकडे पाट्या धुणाऱ्या वनिताच्या कमरेचा फोन वाजला. तिने ओल्या हाताने तो काढला, वाचला आणि मान वर करून हर्षलाकडे बघितलं. मग लांबवर जाणाऱ्या चंद्राआजीकडे. आणि ती चालत आली.

आता प्रेमाने बोलायचं तेही हिशोबात राहून, असा विचार हर्षलाच्या मनात आला, आणि त्याचा तिला संताप आला.

"म्हातारीला काय दिलंस?"

"दोन बांगडे."

"फुकट?"

"फुकट." हर्षलाने हनुवटी वर केली. "शिळे होते. डोळे बसलेले. मांजरापुढे टाकायचे ते तिला दिले."

वनिताने तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. मासा ताजा की शिळा हे ती वाळूच्या दुसऱ्या टोकाहून सांगू शकत असे.

"दोन्ही ताजे होते," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांत धूळ टाकतेस, चोरटे?"

आणि तिने 'होय' दाबलं.